सयाजीराव महाराजांचं नाव द्या, पण वाचनालय मोडून नको

मा. सभापती, मा. उपसभापती आणि सर्व संचालक,
आमची बाजार समिती, कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्टा, जि. नाशिक

सप्रेम नमस्कार.

बाजार समितीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि मला कोणाची बदनामी करायची नाही, मला फक्त एक ठराव मागे घ्यायला लावायचाय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी आप्पा, नाना, भाऊ अशीच हाक मारतो, निवडणुकीत तुम्ही आमच्या ओट्यावर बसून चहा घेतलाय, तेव्हा हे पत्र कोणा परक्याचं आहे असं समजू नका. आधी लेखी अर्ज दिला होता, त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

वाचणाऱ्यांसाठी ठराव काय आहे ते सांगतो. यार्डातल्या शेतकरी निवासाच्या खालच्या मजल्यावर वाचनालय आहे. ते बंद करायचं, तिथे व्यापारी गाळे काढायचे, गाळ्यांच्या डिपॉझिटमधून मेन गेटवर मोठी कमान बांधायची, कमानीला श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांचं नाव द्यायचं आणि आतल्या चौकात त्यांचा अश्वारूढ पुतळा बसवायचा. अनावरण 11 मार्चला, महाराजांच्या जयंतीला.

नावाला माझा विरोध नाही, पुतळ्यालाही नाही. हे आधीच स्पष्ट लिहितो, कारण उद्या गावात असं फिरवलं जाईल की हा माणूस महाराजांच्या पुतळ्याला आडवा आला. उलट मी म्हणतो की नाव द्यायला उशीरच झाला. शेतीसाठी, खेड्यासाठी काही करून गेलेला राजा म्हटलं की आपल्याकडे लगेच कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं नाव येतं, आणि ते यायलाच पाहिजे, राधानगरी धरण आणि शाहूपुरीची गुळाची पेठ ही काय साधी कामं नाहीत. पण सयाजीराव तर आपल्या मातीतले. कवळाणे आपल्याच मालेगाव तालुक्यातलं. 11 मार्च 1863 ला तिथे काशीराव गायकवाडांच्या घरी मुलगा झाला, नाव गोपाळ. राजघराण्याची लांबची शाखा, राज्य तिकडे बडोद्यात आणि हे लोक इथे शेती करून राहणारे. 1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी कवळाण्याचा हा गोपाळ निवडला. दत्तकविधी झाला 27 मे 1875 ला, वय 12. तोपर्यंत शिक्षण म्हणावं असं काही त्याच्या वाट्याला आलेलंच नव्हतं. त्या वयात तो पोरगा बडोद्याच्या राजवाड्यात अक्षरं गिरवायला बसला, इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले, आणि 28 डिसेंबर 1881 ला पूर्ण कारभार हातात आला तेव्हा त्याला 19 वर्षं पूर्ण व्हायला अजून अडीच महिने होते.

मला या राजाबद्दल जे वाटतं त्याचं मूळ इथेच आहे. समोरचा माणूस कागद वाचतोय आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाहीये, हे काय असतं ते त्याने स्वतः अनुभवलेलं होतं. जन्मापासून वाड्यात वाढलेल्या राजांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

पुढचं बघा. 1893 ला अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 ला सगळ्या राज्यात. मधल्या काळात 1899-1900 चा दुष्काळ येऊन गेला, गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात. 1891 च्या जनगणनेत बडोदा राज्याची लोकसंख्या 24 लाखांच्या वर होती, 1901 ला ती साडेएकोणीस लाखांवर आली. म्हणजे चांगला राजा होता म्हणून दुष्काळ त्याच्या राज्याला चुकला नाही, हेही लिहिलं पाहिजे, आपण उगाच देव्हारा करायचं कारण नाही. पण त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्या राज्यात काय काय उभं राहिलं ते लागोपाठ वाचलं की मला त्याची एक दिशा दिसते, 1906 ला सगळीकडे सक्तीची शाळा, 1908 ला बँक ऑफ बडोदा, 1910 ला ग्रंथालय खातं. आधी अक्षर, मग पैसा, मग शाळा सोडलेल्या माणसालाही वाचायला काहीतरी. 1930 च्या दशकात कोसंब्याला ग्रामसुधारणेचं केंद्रही निघालं, पण मला आज बोलायचंय ते ग्रंथालयांवर, कारण तुमचा ठराव त्याच्याच मुळावर येतोय.

विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल महाराजांनी 1910 ला बडोद्याला आणला. शहरात मोठं सेंट्रल लायब्ररी उभं केलं हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण खेड्यांसाठी काय केलं ते बघा. गावात वाचनालय काढायचं असेल तर गावाने एक ठरावीक रक्कम जमवायची, तेवढीच रक्कम तिथल्या पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन हिस्से. गावाचा पैसा त्यात असल्यामुळे गाव ते वाचनालय आपलं मानायचं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवायचे, एका गावाने वाचून झाल्या की पुढच्या गावाला, आणि पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकारी खातं करायचं. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय, तर त्यांच्यासाठी वेगळी शाखा होती, ते जादूचा कंदील, चित्रं, पुढे सिनेमाही घेऊन खेड्यात जायचे. मोतीभाई अमीन नावाच्या कार्यकर्त्याने या कामात आयुष्य घातलं. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा आपल्याकडे बहुतेक गावांना धड रस्ता नव्हता, तेव्हा एक राजा शेतकऱ्याच्या हातात पुस्तक कसं पोचेल याचा असा हिशोब मांडत होता.

आणि त्याच राजाचं नाव आपण वाचनालय बंद करून बांधलेल्या कमानीवर लिहिणार. मला हे सहन होत नाही, म्हणून हे सगळं.

आता आपल्या वाचनालयाबद्दल. ज्यांनी ते आतून बघितलं नाही त्यांना वाटेल, दोन कपाटं आणि जुने पेपर, त्यात काय एवढं. खोली मोठी नाहीच. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, भिंतीला काठ्यांमध्ये अडकवलेले पेपर, शेतीची साप्ताहिकं, कृषी विभागाच्या पुस्तिका, मुक्त विद्यापीठाच्या कृषी अभ्यासक्रमाची पुस्तकं कोणीतरी वाचून ठेवून गेलेली, चितेगाव फाट्याच्या बागायती संशोधन केंद्राची आणि राजगुरुनगरच्या कांदा संशोधनवाल्यांची माहितीपत्रकं. ते सांभाळणारे आमचे मामा, त्यांना ग्रंथपालाचा पगार कधीच नव्हता, आवक-जावकच्या कामातून वेळ काढून ते बघायचे.

आणि दाराबाहेर एक काळा फळा. त्या फळ्यासाठी लोक यायचे. मामा रोज दुपारी त्यावर लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, सटाणा, मनमाड, येवला इथले कांद्याचे भाव लिहायचे, आणि नुसता जास्तीत जास्त नाही, किमान, कमाल आणि सरासरी असे तीन रकाने, लाल आणि उन्हाळ वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा. याचं महत्त्व कांदा विकणाऱ्यालाच कळेल. ग्रुपवर जो मेसेज फिरतो त्यात फक्त कमाल भाव असतो. एखाद्या ट्रॅक्टरला, एकाच लॉटला तो मिळालेला असतो, पण तो आकडा बघून माणूस घरून निघतो आणि इथे येऊन लिलावात उभा राहिला की त्याचा जीव खाली जातो. आणि मग तो समजतो की आपल्याच मालात खोट आहे किंवा आपल्यालाच फसवलं. फळ्यावरची सरासरी बघितली की खरं काय ते समजायचं. आज माल द्यायचा की साठवणीच्या कांदाचाळीत ठेवायचा, हा निर्णय त्या तीन रकान्यांवर व्हायचा.

7 डिसेंबर 2023 ची रात्र तुम्हालाही आठवत असेल. निर्यातबंदी. आधीच ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावून झालं होतं, त्यावर ही बंदी, दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात लिलाव बंद पडले. लोक लाल कांद्याचे ट्रॅक्टर भरून आलेले, परत न्यावा तर माल टिकणारा नाही, थांबावं तर किती दिवस ते माहीत नाही. कोणी म्हणे आठ दिवसांत उठते, कोणी म्हणे वर्षभर. आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर जमलो, मामांनी कुठून तरी त्या नोटिफिकेशनचा प्रिंट आणला, आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने तो इंग्रजी कागद ओळ-ओळ वाचून मराठीत सांगितला. 31 मार्च 2024 पर्यंत बंदी, एवढं एक वाक्य सगळ्यांना स्वच्छ कळलं आणि मग प्रत्येकाने आपापलं ठरवलं. पुढे ती वाढली, 4 मे 2024 ला उठली तीही टनाला 550 डॉलरच्या किमान निर्यात मूल्यावर आणि 40 टक्के शुल्कावर, ते सगळं नंतरचं. पण त्या दिवशी अफवेवर माल फेकून द्यायची पाळी बऱ्याच जणांवर आली नाही, कारण बसायला एक जागा होती आणि तिथे कागद वाचून दाखवणारं कोणीतरी होतं. त्या दिवशी तुमच्यातलेही एक-दोघं तिथे येऊन उभे होते.

माझं स्वतःचं म्हणाल तर चाळीचं सगळं शास्त्र मी त्याच टेबलावर वाचलं. उन्हाळ कांदा काढल्यावर पातीसकट शेतात कसा पसरवायचा, म्हणजे एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातात आणि ऊन थेट लागत नाही, मग एक-दीड इंच मान ठेवून पात कापायची, नंतर सावलीत सुकवायचा, चाळीत थर किती उंच लावायचा, खालून हवा कशी खेळती ठेवायची. आमच्या वडिलांना यातलं बरंचसं हाताने येत होतं, पण का ते सांगता येत नव्हतं, मला ते का कळलं. माझी मुलगी सुट्टीत माझ्यासोबत यायची तेव्हा लिलाव होईपर्यंत तिथेच बसून वाचायची. यार्डात बाईमाणसाला, पोरीला निवांत बसता येईल अशी दुसरी एकही जागा नाही, हे तुम्ही एकदा स्वतः यार्डात फिरून बघा.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की हा ठराव आम्हाला कळला कसा, तर गाळ्यांच्या लिलावाची जाहिरात लागली तेव्हा. त्याआधी नोटीस बोर्डावर काही नाही, वार्षिक सभेत विषय नाही, ग्रामपंचायतींना, सोसायट्यांना विचारणा नाही. तुम्ही सोसायटी आणि ग्रामपंचायत मतदारसंघातून निवडून आलेले आहात, म्हणजे आमच्याच गावांमधून. गावाला न विचारता गावाची जागा भाड्याने लावायचा अधिकार कायद्यात कदाचित असेलही, मी वकील नाही, पण बरोबर नाही.

दुसरी तक्रार पैशाची आहे आणि ती मला जास्त लागते. तुम्ही म्हणता वाचनालयातून उत्पन्न नाही, गाळ्यांतून येईल. अहो, पण बाजार समिती चालते कशावर? मार्केट फीवर. कागदावर ती फी व्यापारी भरतो, मान्य, पण भाव पुकारताना त्याने ती आधीच धरलेली असते, हे यार्डात उभा राहिलेला पोरगाही सांगेल. म्हणजे शेवटी पैसा आमच्या मालातून जातो. त्याच्या बदल्यात शेतकऱ्याला थेट काय मिळतं, तर काटा, लिलावाचा शेड, पाण्याची टाकी आणि ही एक खोली. यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्पन्न द्यायचं असेल तर उद्या पाण्याच्या टाकीलाही गाळा काढा. आधीच गाळे कमी नाहीत, खताची, औषधाची, पाइपची दुकानं गेटपासून लागलेली आहेत आणि त्यातले काही वर्षातले कितीतरी महिने बंदच असतात.

तिसरं, कोणी येत नाही म्हणता. खरंय, मागच्या वर्षीपासून लोक कमी झाले. पण कशामुळे? मामा रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. चावी ऑफिसात ठेवली, ऑफिस उघडणार साडेदहाला, तोपर्यंत सकाळचा लिलाव अर्धा झालेला. पेपर बंद केले, बिल भरलं नाही म्हणून. फळा आहे पण लिहायला माणूस नाही, त्यावर आता गाळ्यांच्या जाहिरातीचा कागद चिकटवलाय. आधी दार लावायचं आणि मग म्हणायचं कोणी आत येत नाही, हे मला पटत नाही आणि तुम्ही मनावर हात ठेवून विचार केला तर तुम्हालाही पटणार नाही.

मोबाईलचं म्हणाल तर वर सांगितलंच. मोबाईल सगळ्यांकडे आहे, आमच्याकडेही आहे, पण मोबाईलवर येणारं खरं की खोटं ते चारचौघांत बसून तपासायला जागा लागते.

अजून एक, आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. कपाटातली पुस्तकं आताच बाहेर काढून मागच्या गोडाऊनमध्ये टाकलीयत, रिकाम्या बारदानाच्या शेजारी. गाळ्यांचं काम सुरू व्हायच्या आधीच. मी जाऊन बघितलं, वरचे गठ्ठे ओलसर आहेत, खालचे उघडून बघायची हिंमत झाली नाही. त्या पुस्तकांवर लोकांची नावं आहेत, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ दिलंय, कोणी मुलगा पास झाला म्हणून. ती तुमची मालमत्ता आहे असं धरून चालू नका, लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आहे ती. नाशिकला सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, 1840 पासून उभं आहे, पावणेदोनशे वर्षांच्या वर झाली, किती राजवटी बदलल्या, पुस्तकं कोणी बारदानाशेजारी टाकली नाहीत. आपल्याला एक खोली सांभाळता येऊ नये?

पुतळ्याबद्दल एकच. घोड्यावर बसलेले, हातात तलवार उपसलेले असं चित्र ठरावाला जोडलंय म्हणतात. गायकवाडांच्या किताबात समशेर बहादूर आहेच, तलवार त्यांना परकी नाही. पण या महाराजांनी जे कमावलं ते तलवारीने नाही. पुढच्या पोरांना चौकातून जाताना ते कळलं पाहिजे असं मला वाटतं. निर्णय तुमचा, मी आग्रह धरत नाही, मूर्तिकाराला सांगण्याआधी एकदा विचार करा.

आता एक गोष्ट इतिहासातली, तुम्हाला टोमणा म्हणून नाही, मनापासून सांगतोय. 1883 साली जोतीराव फुले बडोद्याला गेले होते. शेतकऱ्याचा असूड तेव्हा तयार होत होता. त्या पुस्तकात काय आहे तुम्हाला माहीतच आहे, सरकार, सरकारी अंमलदार, सावकार, भट सगळ्यांनी मिळून शेतकऱ्याला कसा नागवला याचा सरळ पाढा. राज्यकर्त्याला ऐकायला गोड वाटेल असं त्यात एक अक्षर नाही. सयाजीराव तेव्हा 20 वर्षांचे. राज्याच्या कामातून वेळ काढून त्यांनी तो ग्रंथ फुल्यांकडून वाचून घेतला, लक्ष देऊन ऐकला, वर पैशाची मदत केली आणि आदरसत्कार केला, हे फुल्यांनी स्वतः उपोद्घातात लिहून ठेवलंय. शेतकऱ्याची बाजू मांडणारा माणूस समोर आला तर राजाने त्याला बसवून घेतलं. आम्ही तुमच्याकडे तेवढंच मागतोय, आम्हाला बसवून घ्या आणि ऐका.

आणि शिकण्यासाठी राजाने हातभार लावायचा हे नाशिकला नवीन नाही. 1920 साली शाहू महाराज नाशिकला आले आणि उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हातून बसली, खेड्यातली शेतकऱ्यांची पोरं शहरात राहून शिकावीत म्हणून. तुमच्यातल्या काहींचे वडील, आजोबा तिथे राहून शिकले असतील. माझ्या चुलत्यांनी तिथेच जेवून मॅट्रिक केलं.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

गाळ्यांचा लिलाव थांबवा. कायमचा रद्द करायला वेळ लागत असेल तर निदान पुढची सभा होईपर्यंत स्थगिती द्या आणि तसं नोटीस बोर्डावर लावा. बांधकामाला पणन संचालकांची मंजुरी लागते, तो प्रस्ताव गेला असेल तर त्याची प्रत आम्हाला द्या, नसेल गेला तर पाठवू नका.

पुस्तकं या आठवड्यात गोडाऊनमधून काढा. यासाठी कुठलीही सभा, कुठलाही ठराव लागत नाही. माणसं नसतील तर आम्ही येतो, आमच्या गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन येतील, ओली झालेली वेगळी करू, उन्हात न टाकता सावलीत सुकवू, यादी करू, यादीवर तुमच्या सचिवांची सही घेऊ.

फळा सुरू करा. किमान, कमाल, सरासरी, तिन्ही. हे काम ऑफिसातला कोणीही करू शकतो, आकडे रोज तुमच्याकडे येतातच. आणि लिलावाच्या दिवशी वाचनालयाचं दार पहाटे उघडलं पाहिजे, ट्रॅक्टर लागतात तेव्हा.

महाराजांचं नाव वाचनालयाला द्या. कमानीलाही द्यायचं तर द्या, पण आधी वाचनालयाला. श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड शेतकरी वाचनालय, असा बोर्ड त्या दारावर लागला तर 11 मार्चच्या कार्यक्रमाला आम्ही स्वतः गावोगाव फिरून माणसं आणू. कवळाण्याहूनही लोकांना बोलवा, त्यांचा पहिला मान आहे.

आणि पैशाचं काय, हा तुमचा प्रश्न मला माहीतच आहे, म्हणून त्याचं उत्तर महाराजांच्याच पद्धतीने देतो. तीन हिस्से करा. वाचनालयाची डागडुजी, नवीन कपाटं, बायांसाठी वेगळं टॉयलेट, पेपर-साप्ताहिकांचं वर्षाचं बिल आणि एका माणसाचा पगार, याचा खर्च तुमच्या इंजिनियरकडून काढून घ्या. एक हिस्सा आम्ही शेतकरी जमवतो. मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, आमच्या आणि शेजारच्या गावांमध्ये बोलणं झालंय, ज्याला जमेल तो पैसे देईल, ज्याला नाही जमणार तो गोणीभर कांदा देईल, तो इथेच लिलावात विकू आणि हिशोबपट्टी वाचनालयाच्या दारावर लावू. दुसरा हिस्सा बाजार समितीने घालायचा. तिसऱ्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे आणि आमदारांकडे आपण सगळे मिळून जाऊ, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे उभे राहतो. 1967 च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे शासनाचं अनुदान मिळतं, त्यासाठी नोंदणीचा अर्ज करायचा असेल तर कागदपत्रं जमवायची धावपळ आमची मुलं करतील.

व्यापारी मतदारसंघातून आलेल्या संचालकांनाही एक विनंती. गाळे तुम्हाला हवेत हे मी समजू शकतो. यार्डाच्या मागच्या बाजूची जागा मोकळी पडलीय, तिथे गाळे काढले तर आमच्यातला एकही माणूस विरोध करणार नाही, हवं तर लिहून घ्या. हमाल-मापारी बांधवांनाही विचारा, दुपारच्या सुट्टीत त्या ओट्यावर पेपर घेऊन कोण बसायचं ते.

येत्या मासिक सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि आमच्यातल्या पाच जणांना बोलायला वेळ द्या. आम्ही घोषणा देणार नाही, कुणाचा अपमान करणार नाही, वाचनालयाच्या खर्चाचा कागद आणि आमच्या हिश्शाची यादी घेऊन येऊ. सभेची तारीख कळवा, नाहीतर सभेच्या दिवशी सकाळपासून आम्ही ऑफिसच्या बाहेर बसून राहू. या पत्राची प्रत जिल्हा उपनिबंधकांना आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना पाठवतोय.

कळावे,
आपल्याच बाजार समितीचा एक कांदा उत्पादक
आणि सोबत सह्या केलेले शेतकरी